फुफीलाही विचारा

(युवक-युवतींच्या मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांचे आभार मानते, कारण त्यांनी आज मुलगे आणि मुली दोघांना एकाच सभागृहात बसवलं आहे. विषय पाळीच्या दुखण्याचा आहे असं कळल्यावर काही मुलगे मागच्या दारानं चहाला निघाले होते. त्यांना परत बोलावलं. चहा नंतरही मिळेल. आज मी जे सांगणार आहे ते मुलग्यांशिवाय पूर्ण होत नाही. का, ते पुढे कळेलच.

एका तालुक्याच्या गावी मी वीस-बावीस वर्षं दवाखाना चालवते. पण आजची गोष्ट दवाखान्यातली नाही, माझ्या घरातली आहे. जिची आहे तिला विचारूनच सांगते.

माझ्या भावाची मुलगी. चौदाव्या वर्षापासून तिला पाळीत फार दुखायचं. पहिले दोन दिवस पोटाशी उशी धरून पडून राहायची, उलट्या व्हायच्या, शाळा बुडायची. भाभीनं मला फोन केला. मी विचारलं, "तुला असं व्हायचं का? तुझ्या बहिणींना, तुझ्या अम्मीला?" भाभी म्हणाली, "नाही, आमच्याकडे कुणालाच नाही." मग मी म्हटलं, काळजी करू नका, काही मुलींना दुखतं, वय वाढलं की कमी होतं. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी सांगितली आणि फोन ठेवला.

सहा वर्षांनी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, तिच्या डाव्या अंडाशयात सहा सेंटिमीटरची गाठ निघाली. जिला सगळे चॉकलेट सिस्ट म्हणतात ती. एंडोमेट्रिऑसिस. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात धरून भाभी पुन्हा तेच म्हणाली, "पण आमच्याकडे तर कुणालाच नव्हतं."

तिचं खरं होतं. तिच्याकडे नव्हतं. आमच्याकडे होतं. मुलीच्या फुफीला होतं, आणि ती फुफी म्हणजे मी.

मेडिकलला असताना दुखण्याचं इंजेक्शन घेऊन मी पेपर दिलेत. लग्नानंतर मूल होईना म्हणून बत्तिसाव्या वर्षी दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा आत डाग दिसले, अवयव एकमेकांना चिकटलेले दिसले. हे माझ्या नवऱ्याला माहीत होतं, अम्मीला माहीत होतं. भावाला माहीत नव्हतं. भावाशी असलं काही बोलायचं नसतं, असं डॉक्टर होऊनही मी धरून चालले होते. शिवाय पुस्तकात "आई किंवा बहीण" असं वाचलेलं. त्यामुळे भाभीला प्रश्न विचारताना स्वतःला त्या प्रश्नात धरायचं मला सुचलंच नाही. त्या न बोलण्यात मुलीची सहा वर्षं गेली. म्हणून आज बोलायला उभी आहे.

आधी आजार समजून घेऊ.

गर्भाशयाच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, गर्भ राहिला नाही तर गळून पडतं, आणि त्यालाच आपण पाळी म्हणतो. एंडोमेट्रिऑसिसमध्ये या अस्तरासारखाच थर गर्भाशयाच्या बाहेर रुजतो. अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, आतड्यावर, मूत्राशयावर. हार्मोन्सचा हुकूम तोही पाळतो, महिन्याच्या महिन्याला सुजतो, त्यातून रक्त येतं. पण गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर जायला वाट असते, याला नसते. मग तिथे दाह होतो, नसा चाळवल्या जातात, अवयव चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साठून काळपट गाठ होते, तीच चॉकलेट सिस्ट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाळीच्या वयातल्या दर 100 मुली-स्त्रियांमागे सुमारे 10 जणींना हा आजार असतो. जगभरात हा आकडा 19 कोटींच्या आसपास जातो. आणि निदान व्हायला अनेक देशांत 4 ते 12 वर्षं लागतात. माझ्या भाचीची सहा वर्षं म्हणजे काही अपवाद नव्हता, नेहमीचंच आहे ते.

हा थर बाहेर पोचतो कसा? अमेरिकेतल्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी 1927 साली एक म्हणणं मांडलं. पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलट्या दिशेनं पोटात जातं, त्यातल्या पेशी तिथे रुजतात. म्हणणं पटण्यासारखं होतं, आजही बरंच मानलं जातं. पण पुढे कळलं की असं उलटं रक्त सुमारे 90 टक्के स्त्रियांच्या पोटात जातं. मग आजार 10 टक्क्यांनाच का? बी सगळ्यांच्या शेतात पडतं, उगवतं काहींच्याच. म्हणजे जमिनीत काही फरक आहे. शरीराची प्रतिकारशक्ती त्या पेशी साफ करते की नाही, हार्मोन्सला पेशी कसा प्रतिसाद देतात, दाह किती लवकर शमतो, अशा अनेक गोष्टी त्यात येतात. यातला काही भाग आपण जन्मतः घेऊन येतो. इथून आनुवंशिकतेचा प्रश्न सुरू होतो.

1980 साली अमेरिकेत सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी एक साधा अभ्यास केला. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या 123 स्त्रियांच्या घरची माहिती घेतली. त्यांच्या आई आणि बहिणींमध्ये साधारण 7 टक्क्यांना हा आजार होता. तुलनेसाठी त्यांच्या नवऱ्यांच्या आई-बहिणी पाहिल्या, तिथे प्रमाण 1 टक्का. एकाच समाजातल्या या बायका, पण रक्ताचं नातं नसलं की प्रमाण इतकं खाली येतं.

यावर एक शंका घेता येते, आणि ती घ्यायलाच हवी. एका बहिणीला निदान झालं की दुसरी सावध होते, लवकर डॉक्टरकडे जाते, तिचंही निदान होतं. शेजारच्या घरातली मुलगी मात्र दुखणं सोसत बसते, तिची नोंदच होत नाही. म्हणजे घरात आजार जास्त दिसतो तो रक्तामुळे की तपासणीमुळे? याचं उत्तर द्यायला फक्त आई-बहिणींची माहिती पुरत नाही. दूरचे नातेवाईक पाहावे लागतात, जे एकमेकांना ओळखतही नाहीत.

ते करता येईल असा एक देश जगात होता. आइसलँड. उत्तर अटलांटिकमधलं बेट, तेव्हा लोकसंख्या जेमतेम पावणेतीन-तीन लाख, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण त्या लोकांनी आपल्या वंशावळी शतकानुशतकं लिहून ठेवल्या आहेत. तिथे बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. बापाचं नाव आणि पुढे "ची मुलगी" या अर्थाचा शब्द, हेच तिचं आडनाव, मरेपर्यंत. त्यामुळे मुली नोंदीतून हरवत नाहीत. रेक्याविकमध्ये 1996 साली डीकोड नावाची कंपनी निघाली, तिनं या सगळ्या वंशावळी संगणकावर घेतल्या.

2002 साली या माहितीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 1981 ते 1993 या तेरा वर्षांत शस्त्रक्रियेतून एंडोमेट्रिऑसिसचं निदान झालेल्या 750 स्त्रिया घेतल्या. प्रश्न असा की या 750 जणी एकमेकींच्या किती नात्यातल्या आहेत? तुलनेसाठी संगणकानं त्याच लोकसंख्येतून 750-750 स्त्रियांचे 1000 गट काढले आणि प्रत्येक गटातलं नातं मोजलं. उत्तर स्वच्छ आलं. आजार असलेल्या स्त्रिया एकमेकींच्या जास्त नात्यातल्या निघाल्या. आई, मुलगी, बहीण अशी जवळची नाती हिशेबातून काढून टाकली, तरी फरक उरलाच. बहिणींचा धोका इतरांच्या तुलनेत 5.2 पट. आणि चुलत, मावस, मामे, आते बहिणींचा 1.56 पट, म्हणजे साधारण दीडपट. चुलत बहिणीला काय झालं हे पुष्कळ घरांत माहीतही नसतं, तरी धोका वाढलेला दिसतो. मघाची शंका इथे बरीच विरते.

आता मुलग्यांनी नीट ऐका. या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. हा वारसा आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. दोन्ही बाजूंत ठळक फरक आढळला नाही.

विचार केला तर यात नवल नाही. आपल्या प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. बापाला गर्भाशय नसतं, पाळी नसते, म्हणून त्याच्यात तो आजार दिसत नाही. पण दादीकडून आलेलं जनुक तो आपल्या मुलीपर्यंत पोचवतो. माझ्या भावाला आयुष्यात कधी पाळीचं दुखणं झालं नाही. तरी आमच्या घरातलं ते त्याच्याच हातून पुढे गेलं असण्याची शक्यता आहे. त्याचा त्यात काडीचाही दोष नाही. पण त्याला माहीत असतं, तर मुलगी चौदा वर्षांची असताना त्यानं मला विचारलं असतं, "आपा, तुला असं होत होतं का?"

जुळ्या बहिणींवरचे अभ्यासही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या 3096 जुळ्यांची माहिती 1999 साली प्रसिद्ध झाली. हुबेहूब जुळ्या बहिणींची सगळी जनुकं सारखी असतात, साध्या जुळ्यांची सरासरी निम्मी. दोन्हींची तुलना करून आनुवंशिकतेचा वाटा 51 टक्के निघाला. स्वीडनमध्ये 2015 साली 47 टक्के निघाला. म्हणजे जवळपास निम्मा.

या आकड्याचा अर्थ नीट लावा. आईला आजार असेल तर मुलीला 51 टक्के शक्यता, असा याचा अर्थ होत नाही. समाजातल्या स्त्रियांमध्ये या आजाराच्या धोक्यात जे कमी-जास्त दिसतं, त्यातलं निम्मं जन्मजात फरकांमुळे येतं, एवढंच तो सांगतो. उरलेलं निम्मं इतर गोष्टींतून येतं. पाळी लवकर सुरू होणं, दोन पाळ्यांतलं अंतर कमी असणं यांचाही धोक्याशी संबंध दिसलेला आहे.

मग ते जनुक कुठलं? इथे बरेच जण गोंधळतात. थॅलेसेमियासारखा आजार एका जनुकातल्या बिघाडानं होतो. तपासणी करा, बिघाड आहे की नाही ते कळतं. एंडोमेट्रिऑसिस तसा नाही. मधुमेहासारखा आहे. अनेक जनुकांतले बारीक बारीक फरक, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. भाजीत एकाच मसाल्याची चव वेगळी काढता येत नाही, तसं.

2023 साली ऑक्सफर्डमधल्या निलुफर राहमीओलू, क्रिना झोंडरव्हान आणि जगभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचा तोवरचा सगळ्यात मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार असलेल्या 60,674 स्त्रिया आणि नसलेल्या 7,01,926. त्यातून जनुकसंचातली 42 ठिकाणं सापडली. काही ठिकाणं इस्ट्रोजेनसारख्या हार्मोन्सच्या कामाशी जोडलेली आहेत, काही गर्भाशयाच्या जडणघडणीशी. अंडाशयात गाठी होणाऱ्या प्रकाराची जनुकीय मुळं इतर प्रकारांपेक्षा काहीशी वेगळी दिसली. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे, अर्धशिशी, पाठदुखी, अंगात अनेक ठिकाणी राहणारं जुनाट दुखणं, यांच्याशी या आजाराची काही मुळं सामाईक निघाली.

याचा अर्थ समजतो का? पाळीत पोट दुखतं, डोकं दुखतं, कंबर दुखते, म्हटलं की घरात काय ऐकायला मिळतं? "हिचं रोजचंच काहीतरी असतं." "कामचुकार आहे." "नाटकं आहेत." ज्या मुलीला आपण नाटकी म्हटलं, तिच्या वेगवेगळ्या दुखण्यांना एकच धागा असू शकतो, आणि तो तिच्या स्वभावात नाही, पेशींत आहे.

या 42 ठिकाणांनी सगळं उलगडलं असं मात्र नाही. ती सगळी मिळून धोक्यातल्या फरकाचा फार तर 5 टक्के भाग समजावतात. शिवाय त्या अभ्यासातल्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. आपण त्यात नव्हतो. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईत परळला असलेली आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था देशातल्या अनेक केंद्रांना सोबत घेऊन भारतीय स्त्रियांवर असाच अभ्यास करते आहे. तुमच्यापैकी कुणाला जीवशास्त्रात पुढे जायचं असेल, तर तुमच्या दारातच काम आहे.

आता आपल्या घरांकडे येऊ.

आइसलँडच्या लोकांकडे वंशावळ होती म्हणून हे कळलं. आपल्याकडेही शजरा असतो. काही घरांत तो फ्रेम करून भिंतीवर लावलेला असतो. घरी जाऊन तो एकदा बघा. बहुतेक शजऱ्यांत बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. मुलींची नावं नाहीत. दादीचं नाव नाही, फुफीचं नाव नाही. जिचं नावच नाही, तिचं दुखणं कुठे लिहिलेलं असणार?

खरं तर पाळीचा हिशेब ठेवण्याची सवय आपल्या घरांत आहे. रमज़ानमध्ये सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे असतात, म्हणून बायका दिवस मोजतात, लक्षात ठेवतात. दिवस मोजले जातात, दुखणं मोजलं जात नाही. मी म्हणते, त्याच वहीत आणखी एक रकाना आखा.

आजाराचं नाव घेऊन विचाराल तर उत्तर मिळणार नाही. नानीला एंडोमेट्रिऑसिस हा शब्द माहीत नसतो. तिच्या शब्दांत विचारा. पाळीत झोपून राहायला लागायचं का? गरम पाण्याची पिशवी, काढा, इंजेक्शन असं काही लागायचं का? मूल उशिरा झालं का? आणि "पिशवी काढली" असं कुणी म्हणालं, तर तिथे थांबू नका. का काढली ते विचारा. दुखायचं म्हणून, गाठ होती म्हणून, की रक्त फार जायचं म्हणून? आपल्याकडे कितीतरी बायकांचा सगळा इतिहास "पिशवी काढली" या दोन शब्दांत गाडलेला आहे.

आणि दोन्ही घरांत विचारा. नानी आणि खाला, तशाच दादी आणि फुफी. दादीशी नातीपेक्षा नातवाचं जास्त पटत असेल, तर नातवानं विचारावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

कुठल्या मुलीनं डॉक्टरकडे जावं, तेही सांगते. गोळी घेऊनही दुखणं थांबत नसेल. दर महिन्याला शाळा, कॉलेज, काम बुडत असेल. पाळीत शौचाला किंवा लघवीला जाताना दुखत असेल. पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल. लग्न झालेलं असेल तर संबंधांच्या वेळी दुखत असेल, किंवा वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील. यातलं एकही असेल तर जा. आणि त्यात घरात कुणाला हा आजार असेल, तर अजिबात थांबू नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, "माझ्या फुफीला आहे." हे एक वाक्य कदाचित तुमची काही वर्षं वाचवेल.

आई मुलीला डॉक्टरकडे आणत नाही, यामागे एक भीती असते. आतून तपासणी करतील, लग्न व्हायचंय मुलीचं. त्या भीतीला हसू नका, पण तिला उत्तर द्या. पोटावरून सोनोग्राफी होते, गरज पडली तर एमआरआय होतो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 साली दिलेल्या सूचनांनुसार निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आधी करायलाच हवी असंही आता राहिलेलं नाही. लक्षणं ऐकून औषध सुरू करता येतं. एक मात्र ध्यानात ठेवा, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाहीच असं होत नाही. बारीक डाग त्यात दिसत नाहीत.

मुळापासून बरा करणारा इलाज अजून नाही. पण दुखणं आटोक्यात ठेवता येतं. दाह कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोन्सच्या गोळ्या आहेत, लागली तर शस्त्रक्रिया आहे. हार्मोनची गोळी म्हटलं की घरचे दचकतात, "ही तर मूल न होण्याची गोळी!" कुमारी मुलीला ती दिली म्हणून तिच्यावर कसलाही शिक्का बसत नाही. ती इथे आजाराचं औषध म्हणून दिलेली असते.

आणि कृपा करून "लग्न करून द्या, मूल झालं की बरं होईल" हा सल्ला बंद करा. याच सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ आजार बरा व्हावा म्हणून स्त्रीला गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. दुखणाऱ्या मुलीचं घाईनं लग्न लावणं हा उपचार नाही.

आता चिठ्ठ्या बघू. चार आल्या आहेत.

पहिली. "माझ्या मोठ्या बहिणीला आहे. मला होणारच का?" नाही. मघाचा अमेरिकेतला अभ्यास आठव, शंभर आई-बहिणींपैकी सातजणींना होता. धोका इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून लक्षणांकडे लक्ष दे. पण जे झालेलं नाही त्याची धास्ती घेऊ नकोस.

दुसरी. "ऑनलाइन जनुकीय तपासणी मिळते. करून घेऊ का?" या आजारासाठी नको. आज अशी कुठलीही जनुकीय चाचणी नाही जी तुला एंडोमेट्रिऑसिस होईल की नाही हे भरवशानं सांगेल. आत्ताच सांगितलं, सापडलेली सगळी ठिकाणं मिळून 5 टक्केच उलगडा होतो. तेवढ्या पैशात चांगल्या डॉक्टरची फी आणि सोनोग्राफी होईल. आणि दादीला विचारणं फुकट आहे.

तिसरी. "आमच्यात चुलत-मामे नात्यांत लग्नं होतात. त्यामुळे होतो का?" चांगला प्रश्न. आइसलँडच्या अभ्यासानं रुग्ण स्त्रिया एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का, हे पाहिलं. त्यांचे आईबाप एकमेकांच्या नात्यातले होते का, हा त्या अभ्यासाचा प्रश्न नव्हता. म्हणून त्यावरून नात्यातल्या लग्नांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांनी थॅलेसेमियासारख्या आजारांचा धोका वाढतो हे पक्कं आहे, आणि त्यासाठी लग्नाआधी रक्ततपासणी जरूर करा. पण तो वेगळा विषय आहे. एकातलं दुसऱ्यात मिसळू नका.

चौथी चिठ्ठी एका मुलाची आहे. लिहितो, "स्थळ बघताना मुलीच्या घरी हा आजार आहे का, हे विचारायला हवं का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि घरोघरी बायका का बोलत नाहीत त्याचं उत्तरही याच चिठ्ठीत आहे. बोललं की मुलीच्या लग्नात आडवं येईल, ही ती भीती. खोट मुलीकडे शोधायची सवय आपल्याला फार जुनी आहे. मूल झालं नाही, मुलीची खोट. मुलगी झाली, मुलीची खोट. आता आजार आला, तर म्हणे तिच्या माहेरची खोट.

बेटा, तुझ्या अम्मीला विचारलंस? तुझ्या बहिणीला, फुफीला? आज आपण काय शिकलो? तुझ्या मुलीला निम्मी जनुकं तुझ्याकडून मिळणार आहेत. दहा घरांत हिंडून मुलीच्या खानदानाची चौकशी करणाऱ्या मुलानं आधी आपल्या घरातली चौकशी पूर्ण करावी. आणि ती करायची ती कुणाला नाकारण्यासाठी नाही. उद्या तुझी मुलगी पोट धरून बसली तर तिला "नाटकं करू नकोस" म्हणणारा बाप तू होऊ नयेस, म्हणून करायची. हा आजार असलेल्या कितीतरी जणींना मुलं होतात, काहींना उपचार लागतात, काहींना होत नाहीत. त्यांचे संसार चांगले चाललेले मी रोज बघते. माझाही चालला आहे.

माझी भाची आता बरी आहे. गोळ्या चालू आहेत, नोकरीला लागली आहे. मागच्या ईदला आमच्या घरी सगळे जमले होते. जेवणानंतर ती वही घेऊन बसली आणि दादीला एकेक नाव विचारत गेली. माझ्या फुफीचं नाव आलं, तिच्या फुफीचं आलं. अम्मीनं एकीबद्दल सांगितलं, ती महिन्यातले चार दिवस मागच्या खोलीतून बाहेर यायची नाही, लोक म्हणायचे हिला बाहेरची बाधा आहे. सगळे गप्प झाले. माझा भाऊ तिथेच बसला होता. उठून गेला नाही. त्यानं विचारलं, "तिचं नाव काय होतं?" आणि मुलीनं ते नाव वहीत लिहिलं.

तुम्हीही आज घरी जाऊन विचारा. आता चहा घ्या.